पंचगंगेत पोहणाऱ्यालाही समुद्र आत का ओढतो?

सुट्टी लागली की जिल्ह्यातल्या गावागावांतून गाड्या कोकणात उतरतात. शाहूवाडीकडच्या आंबा घाटानं गणपतीपुळ्याला, राधानगरी-गगनबावड्याकडच्या मालवण-तारकर्लीला, आजरा-चंदगडच्या आंबोली नाहीतर तिलारीमार्गे गोव्याला. गाडीत दोन-चार तरी पोरं अशी असतात की पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेली, पुढं नदीच्या पुरात उड्या मारलेली. धोका त्यांनाच जास्त, कारण ती बिनधास्त आत जातात.

१५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी कॉलेजच्या सहलीतले ८ जण बुडाले. असं का होतं, हे पाण्याची चाल कळली की समजतं.

लाट खोल पाण्यातून येते. किनाऱ्याजवळ तळ उथळ झाला की लाटेचा खालचा भाग अडतो, वरचा पुढं कलंडतो आणि फेस होऊन फुटतो. एकामागून एक लाटा असं पाणी किनाऱ्यावर लोटत राहतात. ते पाणी परत जाणार कुठून? भरलेल्या वाफ्याचं पाणी बांधाला पडलेल्या भगदाडातून धावतं, तसंच हेही वाळूतली खोलगट वाट धरून समुद्राकडं पळतं. या ओढीचा वेग कधी कधी सेकंदाला २ मीटरपर्यंत जातो. त्याविरुद्ध ऑलिम्पिकचा पोहणारासुद्धा टिकत नाही.

फसगत पुढंच आहे. त्या वाटेवर पाणी खोल असल्यानं लाटा कमी फुटतात. दोन्ही बाजूला पांढरा फेस आणि मधला पट्टा गडद, शांत. नवखा माणूस म्हणतो, इथं लाटा नाहीत, पोरांना इथंच उतरवू. गोव्यात मोरजी, आश्वे, हरमलच्या किनाऱ्यांवर फळीवर उभं राहून लाटेवरून घसरण्याचा खेळ, म्हणजे सर्फिंग, शिकवतात. त्यातले मुरलेले खेळाडू आत जायला मुद्दाम हाच पट्टा धरतात, कारण पाणीच त्यांना फुकटात आत नेतं. पण त्यांच्या पायाला दोरीनं फळी बांधलेली असते, आपल्या पायाला काय असतं?

नदीत ओढ काठाकाठानं जाते, त्यामुळं हात मारत राहिलं की कुठंतरी काठ लागतोच. समुद्रात ओढ सरळ काठापासून लांब नेते. सापडलेला माणूस किनाऱ्याकडं तोंड करून जिवाच्या आकांतानं पोहतो आणि दमून बुडतो. ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, फक्त लांब नेते. म्हणून पाठीवर तरंगायचं, हात वर करून मदत मागायची. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर आडवं पोहायचं. ओढीचा पट्टा बहुतेक वेळा अरुंद असतो. तो संपला की जिथं फेस दिसतो तिथून लाटांबरोबर बाहेर यायचं.

वाचवायला मागोमाग उडी टाकू नये, एकाचे दोन होतात. दोरी, टायरची ट्यूब, झाकण लावलेला रिकामा कॅन फेकावा, स्थानिक मच्छीमारांना हाक द्यावी, ११२ ला फोन करावा.

भरती-ओहोटीचा अंदाज भिंतीवरच्या कॅलेंडरवरूनही येतो. कोकणातला जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. तास-अर्धा तास इकडंतिकडं धरायचा. संकष्टीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती. गणपतीपुळ्याला संकष्टीची गर्दी ठरलेली. दर्शन, जेवण उरकून माणसं चार-पाच वाजता पाण्यात उतरतात, नेमकं तेव्हा पाणी ओसरत असतं आणि ओहोटीत ओढ वाढते. पुळ्याला त्या दिवशी अंघोळीची हौस असेल तर दुपारी बाराच्या आसपास, तीही गुडघाभर पाण्यातच भागवलेली बरी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा तेवढंही नको.

गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक आहेत. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या भागावर त्यांची नजर असते, तिथंच उतरावं. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही.

बोटीचंही तेच. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीत पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. लाइफ जॅकेट बोट हलल्यावर नव्हे, पाय आत टाकण्याआधीच घालून पट्टे आवळायचे. मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत सिंधुदुर्गात जलक्रीडा बंद असते. त्या काळात कोणी जास्त पैसे घेऊन न्यायला तयार झाला, तरी बसू नये.