डेसिबलमागे अर्धा टक्का

नवा फ्लॅट बुक करायला गेलात की बिल्डरच्या कोटेशनवर सगळ्याचा भाव लिहिलेला असतो. चटईक्षेत्राचा दर, वरच्या मजल्याचे जादा पैसे, पार्किंग, क्लबहाऊस. शांततेचा दर मात्र कुठेच नसतो. ती कुणी किलोवर विकत नाही, चौरस फुटावरही विकत नाही.

आणि तरीही तिचा भाव आपल्याला माहीत आहे! विमानांच्या वाटेखाली येणाऱ्या उपनगरात आवाज एका डेसिबलने वाढला की घराची किंमत साधारण अर्ध्या टक्क्याने उतरते. अमेरिका आणि कॅनडातल्या 23 विमानतळांवरचे 33 अंदाज जॉन नेल्सन या अर्थतज्ज्ञाने 2004 साली एकत्र चाळले, तेव्हा अमेरिकेसाठी आकडा निघाला दर डेसिबलमागे 0.5 ते 0.6 टक्के. कॅनडात थोडा अधिक, 0.8 ते 0.9. म्हणजे एरवी अगदी सारख्या अशा दोन घरांत दहा डेसिबलचा फरक असेल, तर एक कोटीच्या घरामागे पाच-सहा लाख रुपये नुसत्या आवाजापायी गळतात.

जी गोष्ट बाजारात विकलीच जात नाही, तिची किंमत काढली तरी कशी?

युक्ती सुंदर आहे. घराची किंमत एकच दिसते, पण तिच्या पोटात पुष्कळ छोट्या किमती दडलेल्या असतात. तिसऱ्या खोलीची एक, स्टेशन जवळ असल्याची एक, समोर झाडं असल्याची एक. हजारो व्यवहार एकत्र मांडले, की गणिताने त्या एकेक करून सुट्या करता येतात. खोल्या तेवढ्याच, बांधकामाचं वय तेवढंच, शाळा तीच, आणि तरी एका गल्लीतली घरं सातत्याने स्वस्त जातात. मग त्या गल्लीत वेगळं काय आहे? शेर्विन रोझेन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1974 साली या पद्धतीला पक्का सैद्धांतिक पाया दिला. घर घेणाऱ्याला कुणी प्रश्नावली देत नाही, ‘शांततेसाठी किती मोजाल?’ असं विचारत नाही. त्याने सही करताना जो आकडा मान्य केला, त्यातच त्याचं उत्तर असतं.

पण चाणाक्ष वाचकाच्या मनात शंका येणारच. विमानतळाजवळचं घर आवाजामुळेच स्वस्त आहे कशावरून? तिथे गोदामं असतील, ट्रक असतील, वस्ती जुनी असेल. उलट विमानतळामुळे रस्ते येतात, नोकऱ्या येतात, भाव चढतात. एकाच विमानतळाचा एक हात किंमत वर ओढतो आणि दुसरा खाली. हे दोन हात वेगळे करायचे तर खरा प्रयोग हवा. घरं तीच, माणसं तीच, विमानतळही तोच, आणि एका सकाळी फक्त आवाज एका उपनगरावरून उचलून दुसऱ्यावर ठेवायचा. असा प्रयोग करायची परवानगी कोण देईल?

कुणीच दिली नाही. तरी तो झाला. झ्युरिकमध्ये, 2003 साली.

झ्युरिकचा विमानतळ शहराच्या उत्तरेला, क्लोटेन इथे आहे. तिथून आणखी थोडं उत्तरेला गेलं की जर्मनीची हद्द लागते. वर्षानुवर्षं बहुतेक विमानं उत्तरेकडून, म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या गावांवरून खाली येत. प्रवासी स्वित्झर्लंडचे, कमाई स्वित्झर्लंडची आणि झोपमोड जर्मनांची! दोन्ही सरकारांनी 2001 मध्ये करार करून पाहिला, पण तो स्विस संसदेने फेटाळला. मग जर्मनीने एकतर्फी नियम लावला: आठवड्याच्या दिवशी रात्री 9 ते सकाळी 7, आणि शनिवार-रविवार व सुटीच्या दिवशी रात्री 8 ते सकाळी 9, या वेळेत आमच्या आभाळातून खाली उतरत झ्युरिक गाठायचं नाही. स्वित्झर्लंड युरोपीय न्यायालयापर्यंत भांडलं आणि 2013 मध्ये हरलं.

विमानं तर उतरवायलाच हवीत. ऑक्टोबर 2003 च्या अखेरीपासून पहाटेची विमानं दक्षिणेकडून येऊ लागली, झ्युरिकच्या दक्षिण अंगाच्या टेकडीवरच्या हिरव्या, निवांत, महागड्या उपनगरांवरून. विमानतळ जागचा हलला नाही, धावपट्टीही हलली नाही. हलली ती फक्त आभाळातली वाट. पहाटे सहाला ज्यांच्या खिडकीबाहेर पाखरं ऐकू यायची, त्यांच्या छपरावरून एकामागून एक विमानं जाऊ लागली. घर घेताना या माणसांनी सगळं पाहिलं होतं, विमानतळ कुठे आहे हेही त्यांना ठाऊक होतं. शेजारच्या देशातल्या एका आदेशाने आपलं आभाळ बदलेल, हे कुणाच्या ध्यानीमनी असणार?

अर्थशास्त्रज्ञांना हवा होता तसाच हा प्रसंग. श्टेफान बोएस आणि श्टेफान न्यूश या दोघांनी विमानतळाभोवतालच्या फ्लॅटची भाडी तपासली. तोच फ्लॅट, बदलाच्या आधी आणि नंतर. विक्रीची किंमत न घेता भाडं घ्यायचं हे विशेष शहाणपणाचं, कारण स्वित्झर्लंडमध्ये निम्म्याहून जास्त लोक भाड्याने राहतात आणि घर वर्षानुवर्षं विकलं गेलं नाही तरी भाडं मात्र बदलतं. त्यांचं उत्तर 2011 मध्ये छापून आलं: दर डेसिबलमागे साधारण अर्धा टक्का.

थांबा, हा आकडा पुन्हा वाचा. खंड दुसरा, पद्धत दुसरी, तिकडे विक्रीची किंमत तर इकडे महिन्याचं भाडं. आणि अमेरिकेतल्या विमानतळांनी दिलेल्या उत्तराशेजारीच हे उत्तर येऊन बसलं. एकमेकांना न ओळखणारी हजारो माणसं, प्रत्येक जण आपापल्या हिशेबाने घासाघीस करणारा, आणि सगळे मिळून नकळत एकाच भावाला येऊन ठेपतात. मला यापेक्षा मोठं नवल बाजाराच्या गोष्टींत क्वचितच दिसलं आहे.

आता हा डेसिबल येतो कुठून ते पाहू, कारण तिथली गोष्टही तितकीच अद्भुत आहे.

उड्डाण करताना जेट इंजिन जी प्रचंड ऊर्जा ओतत असतं, तिच्यातली एक टक्कासुद्धा आवाजात जात नाही. सगळा गोंगाट त्या उरल्यासुरल्या चिमटीतला! तो निर्माण कसा होतो? मागून सुसाट सुटणारा वायूचा झोत बाहेरच्या संथ हवेला घासतो, भोवरे उठतात आणि ते भोवरे गरजतात. जेम्स लाइटहिल या ब्रिटिश गणितज्ञाने 1952 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याचं गणित मांडलं. पुढे केंब्रिजमध्ये ज्या आसनावर एके काळी न्यूटन होते, तेच त्यांना मिळालं. त्यांचा निष्कर्ष असा की झोताच्या आवाजाची शक्ती त्याच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढते. आठव्या! वेग दुप्पट झाला की आवाजाची शक्ती 256 पट.

या वाक्याची दुसरी बाजू उपनगरांना वाचवणारी आहे. झोताचा वेग निम्मा करा आणि इंजिनाचं तोंड मोठं करून चौपट क्षेत्रफळातून हवा ढकला. ढोबळमानाने रेटा तेवढाच मिळतो आणि आवाजाची शक्ती उरते एक चौसष्टांश. म्हणून तर विमानांची इंजिनं पिढीगणिक जाडजूड होत गेली. 1970 मध्ये प्रवासी सेवेत आलेल्या बोइंग 747 च्या इंजिनात गाभ्यातून जाणाऱ्या हवेच्या सुमारे पाचपट हवा बाहेरून वळसा घालून जात होती. आज मुंबईवरून उडणाऱ्या ए320 निओच्या इंजिनांमध्ये हे प्रमाण अकरा-बारा पटींवर गेलं आहे. पुढच्या पंख्याचा तो भलामोठा घेर इंधन वाचवतो आणि खालच्या माणसाची झोपही थोडी वाचवतो.

मग झ्युरिकच्या टेकडीवर एवढा आवाज कसला? उतरताना तर इंजिन जवळजवळ सुस्तावलेलं असतं. तिथे गरजते ती हवाच. बाहेर काढलेली चाकं, त्यांचे दांडे, पंखांच्या मागच्या कडेला खाली झुकवलेले फ्लॅप, या सगळ्यांना ती घासत जाते. ए320 जातीच्या विमानांना तर आणखी एक खोड होती. पंखाखाली इंधनाच्या टाकीसाठी छोटी गोल भोकं असतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून फुंकर घातली की ती जशी वाजते, तशी ही भोकं वाऱ्याने वाजत आणि त्या शिट्टीचा सूर खालच्या गावांना दुरून ओळखू येई. लुफ्तान्साने 2014 पासून भोकांच्या पुढ्यात हवेला घुसळणारे हाताएवढे धातूचे तुकडे बसवायला सुरुवात केली. शिट्टी थांबली. काही अंतरांवर तेवढ्यानेच चार डेसिबलपर्यंत फरक पडला. अर्ध्या टक्क्याच्या हिशेबाने पाहा, धातूच्या त्या तुकड्याखाली किती घरांचे किती पैसे आले!

विमान गेलं की आवाज संपतो, मग घरावर कायमचा आकडा कसा चिकटतो? वर्षभराच्या सगळ्या उड्डाणांची ऊर्जा दिवसाच्या चोवीस तासांवर पसरून सरासरी काढतात. त्यात एक विलक्षण न्याय आहे. अमेरिकेत रात्री 10 ते सकाळी 7 मधल्या प्रत्येक विमानाच्या आवाजात दहा डेसिबल वाढवून धरतात. दहा डेसिबल म्हणजे दसपट ऊर्जा. म्हणून रात्रीचं एक विमान हिशेबात दिवसाच्या दहांच्या बरोबरीचं ठरतं. युरोपात संध्याकाळसाठीही पाच डेसिबलची वाढ आहे. मग नकाशावर सारख्या आवाजाच्या रेषा उमटतात, आणि त्या विमानतळाभोवती गोल नसतात. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना त्या लांबलचक, निमुळत्या होत जातात.

अशा रेषेच्या आत ज्याचं घर आलं त्याचं नुकसान कुणी भरायचं? स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने एक तारीखच ठरवली: 1 जानेवारी 1961. राष्ट्रीय विमानतळांजवळ त्या तारखेनंतर घर घेणाऱ्याला जेटच्या आवाजाची कल्पना असायलाच हवी होती, म्हणून सर्वसाधारण गोंगाटाची भरपाई मागायचा हक्क त्याला नाही.

अर्धा टक्का हा आकडा मला मोहवतो, पण त्याच्यावर पूर्ण विसंबू नये असं मला मनापासून वाटतं. बाजार फक्त तेवढ्याच त्रासाची किंमत लावतो, जेवढा घर घेणाऱ्याला घर पाहताना कळतो. झोपेत जाग न येताही आवाजाने नाडीचे ठोके बदलतात, त्याचा भाव कोण लावणार? शिवाय ज्यांना आवाज सोसतो ते स्वस्त घर बघून तिथे येतात, ज्यांना सोसत नाही ते निघून जातात. मात्र ज्याला न सोसूनही निघून जाणं परवडत नाही, तोही त्याच सरासरीत ‘सोसणारा’ म्हणून मोजला जातो. त्याच्या वाट्याला पाच टक्के सूट येते आणि पहाटेची झोप जाते.

नवी मुंबईच्या विमानतळावरून 2025 च्या डिसेंबरात उड्डाणं सुरू झाली. त्याच्या धावपट्टीचा क्रमांक 08 आणि 26. हा क्रमांक म्हणजे दिशा: शून्य जोडा, 80 अंश आणि 260 अंश, म्हणजे जवळपास पूर्व-पश्चिम. उतरणारं विमान सहसा तीन अंशांच्या उतारावरून येतं, म्हणजे धावपट्टीच्या टोकापासून दर किलोमीटरला साधारण 52 मीटर उंची. पाच किलोमीटरवर ते डोक्यावरून अडीचशे मीटरच्या आसपास जाणार. उलवे, पनवेल, कामोठे, खारघरच्या जाहिराती विमानतळ किती मिनिटांवर आहे ते सांगतात. पण मिनिटं तेवढीच असलेले दोन फ्लॅट, एक धावपट्टीच्या रेषेत आणि दुसरा तिच्या बाजूला, आवाजाच्या नकाशावर एकमेकांपासून फार लांब असतात. आपल्याकडे प्रत्येक खरेदीखताची नोंद इंडेक्स टूवर असते. किंमत, क्षेत्रफळ, पत्ता, तारीख, सगळं. विमानं यायच्या आधीचे व्यवहार तिथे आहेत आणि नंतरचे रोज भर घालत आहेत. कुणी जिद्दी विद्यार्थ्याने ते आवाजाच्या रेषांवर मांडले, तर आपल्याकडे डेसिबलमागे किती टक्के, हे आपल्याला स्वतःच्याच कागदांतून कळेल.