तापांतील आंकडी : भय किती, सावधगिरी किती?

भंडारा जिल्ह्यांतील आंधळगांव असो वा नागपूर-पुण्यांतील सुशिक्षित घर असो, तापानें फणफणलेल्या मुलाचे डोळे वर जाऊन हातपाय झटके देऊं लागले, कीं घरच्या माणसांचें अवसान गळतें. कोणी कांदा हुंगवितो, कोणी जोडा, कोणी मुठींत लोखंडी किल्ली देतो. यांपैकीं कशानेंही आंकडी थांबत नाहीं. ती बहुधा आपली आपणच थांबते, आणि श्रेय मात्र कांद्यास मिळतें.

सहा महिने ते पांच वर्षें या वयांत शंभरांतील २ ते ५ मुलांना अशी आंकडी येते. कोवळ्या मेंदूस ताप सोसत नाहीं व त्यांतील विद्युत्-व्यापार कांहीं काळ विस्कळित होतो. कित्येक घराण्यांत हा कल पिढीजात आढळतो. ही भुताखेताची बाधा नव्हे, तसेंच आईच्या हयगयीचें फळही नव्हे. तापाच्या औषधानें मुलास आराम पडतो. पण आंकडी टळेलच असें नाहीं. सुमारें तीन मुलांपैकीं एकास ती पुन्हां येते. तरीही साध्या आंकडीनें बुद्धि मंद होत नाहीं, आणि पुढें अपस्मार जडतो तो फार थोड्यांस.

अशा वेळीं मुलास सपाट जागीं कुशीवर निजवावें, कपडे सैल करावे आणि घड्याळाकडे पाहावें. दांतांत चमचा घालूं नये, पाणी पाजूं नये, हातपाय दाबून धरूं नयेत. पांच मिनिटें उलटूनही झटके थांबले नाहींत, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

खरी परीक्षा आंकडी संपल्यावर असते. साध्या आंकडीनंतर मूल थोडें झोपतें आणि तासाभरांत घरच्यांस ओळखूं लागतें. तें शुद्धीवर आलें नाहीं, मान ताठरली, वांत्या होत राहिल्या किंवा आंकडी पुन्हां आली, तर मेंदूज्वराची शंका धरून तत्काळ रुग्णालय गांठावें. विदर्भांत तर हें विशेष ध्यानांत ठेवावें. १९६५ सालीं नागपुरांत सांपडलेल्या एका विषाणूस तेथील चांदिपुरा या वस्तीचें नांव मिळालें. वाळूमाशीच्या दंशानें पसरणाऱ्या या विषाणूमुळें २००३ सालीं आंध्र प्रदेश व महाराष्ट्रांत अनेक मुलें दगावलीं. हिवतापही कधीं कधीं मेंदूस ग्रासतो.

म्हणून पहिल्या आंकडीनंतर मूल खेळूं लागलें, तरी त्याच दिवशीं तें डॉक्टरांस दाखवावें. आंधळगांवाहून जिल्ह्याच्या रुग्णालयाची वाट लांबची आहे. त्या वाटेवर लागणारा वेळ मांत्रिकाच्या अंगणांत खर्ची पडूं देऊं नये.