घटना कपाटात नको, वाचनात हवी!

१४ एप्रिलला आपण बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालतो, शेजारी घटनेची प्रत ठेवतो. कार्यक्रम संपला की प्रत पुन्हा कपाटात जाते. परवा विहारात एका शाळकरी मुलीने विचारले, "काका, यात आपल्यासाठी काय लिहिले आहे?" मोठी माणसे एकमेकांकडे पाहू लागली. म्हणून हा लेखनप्रपंच.

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकारली गेली व २६ जानेवारी १९५० पासून अमलात आली. मूळ घटनेत ३९५ कलमे व ८ अनुसूची होत्या. संसदीय लोकशाही, संघराज्य, स्वतंत्र न्यायव्यवस्था, मूलभूत हक्क आणि प्रौढ मतदान हे तिचे आधारस्तंभ. कारखानदार असो की मोलकरीण, मत एकच आणि मताचे मोलही एकच.

कलम १४ कायद्यापुढे सर्वांना समान मानते. कलम १५ सार्वजनिक विहिरी, तलाव, घाट, रस्ते सर्वांना खुले करते. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी लाठ्या खाल्ल्या. तो हक्क आज देशाच्या मूळ कायद्यात आहे. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. पुढे १९९० साली बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या घटनात्मक सवलती मिळाल्या.

हक्क डावलला तर? कलम ३२ अन्वये थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येते. या कलमाला बाबासाहेबांनी घटनेचा आत्मा म्हटले होते.

मी कारकून आहे. आपली माणसे टेबलासमोर हात जोडून "साहेब, मेहेरबानी करा" म्हणतात, तेव्हा जीव तुटतो. दाखला, शिष्यवृत्ती ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. पण हक्क माहीत नसलेला माणूस याचकच राहतो, आणि खुर्चीतल्या माणसाला तेच सोयीचे असते.

राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता राहिली, तर लोकशाहीचा डोलारा टिकणार नाही, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. ती विसंगती अजून मिटलेली नाही.

तेव्हा दर रविवारी वंदनेनंतर घरात एक कलम वाचा. मुलीला वाचायला सांगा, आईने ऐकावे, वडिलांनी अर्थ सांगावा. अर्थ येत नसेल तर मुलीकडूनच समजून घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

जयभीम!