बांधकाम-नियमांची मराठी : पुण्यातील मिळकतदाराने जाणावयाचे चार शब्द

नगररचनेचा कायदा हा वास्तुविशारदांचा व वकिलांचा विषय. भाषाशास्त्राचा त्याच्याशी संबंध काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु नियम पाळावयाचा तर तो प्रथम समजला पाहिजे, आणि समजण्याचा आरंभ शब्दापासून होतो. पुणे शहरातील मिळकतदारावर आज मुख्यतः तीन संहितांचे बंधन आहे : महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम (१९४९), महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम (१९६६) आणि डिसेंबर २०२० मध्ये अमलात आलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. त्यांच्या व्यवहारात रूढ असलेले मराठी शब्द बहुतांशी ओळखीचे आहेत, आणि घोटाळा होतो तो त्यामुळेच. अनोळखी शब्दाचा अर्थ माणूस विचारून घेतो. ओळखीच्या शब्दाचा अर्थ तो गृहीत धरतो. अशा चार शब्दांचा येथे विचार करू.

पहिला शब्द 'सामासिक अंतर'. आपल्या विद्यार्थ्यांना यावरून द्वंद्व व तत्पुरुष आठवतील. पण येथील समास व्याकरणातला नव्हे. लिहिताना कागदाच्या कडेला आपण जी कोरी जागा सोडतो, तो हा समास. भूखंडाची हद्द व इमारत यांमध्ये उजेड, वारा व आगीच्या प्रसंगी बचाव यांसाठी जी जागा मोकळी ठेवावयाची, ते सामासिक अंतर. ध्वनिसाम्यामुळे 'सामासिक' व 'सामाईक' यांची गल्लत सहज होते. कसबा किंवा शनिवार पेठेतील जुनी घरे एकमेकांस लागून असत आणि शेजाऱ्यांत 'सामाईक भिंत' असे, हे लक्षात घेतले म्हणजे या गल्लतीचे मूळ उमगते. वस्तुतः सामासिक जागा ही मिळकतीच्याच हद्दीतील जागा होय. तरीही तेथे पत्र्याची शेड किंवा वाढीव खोली मनास येईल तशी उभारता येत नाही.

दुसरा शब्द 'जोते'. वाड्याचे दगडी जोते पुणेकरास परिचित आहे. कायद्यात मात्र तो बांधकामाचा एक टप्पा आहे. १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे परवानगीची मुदत एक वर्षाची असून ती वर्षावर्षाने, जास्तीत जास्त तीन वर्षे, वाढवून मिळू शकते. या अवधीत काम जोत्यापर्यंत पोहोचले नाही, तर नव्याने परवानगी घ्यावी लागते. जोते पूर्ण होताच परवानाधारक तंत्रज्ञाच्या प्रमाणपत्रासह तसे कळवावयाचे असते. कारण मंजूर नकाशापासून झालेली चूक या टप्प्यावर थोडक्यात सुधारते, पुढे ती भिंतींसह पाडावी लागते.

तिसरा शब्द 'चटई क्षेत्र'. हा चौघांत सर्वांत फसवा. घराच्या खरेदीच्या करारात जे चटई क्षेत्र नमूद असते, त्याची व्याख्या स्थावर संपदा अधिनियमाने (२०१६) केली आहे. त्यात आतील विभाजक भिंती धरल्या जातात. बाहेरील भिंती, सज्जा व उघडी गच्ची वगळली जाते. परंतु 'चटई क्षेत्र निर्देशांक' या पदात तोच शब्द निराळ्या मोजमापासाठी येतो. नियमावलीनुसार तेथे बांधकामाच्या बाह्य परिघापासून मोजणी होते व सज्जाही हिशेबात येतो. 'सज्जा माझ्या चटई क्षेत्रात नाही, तेव्हा तो कसाही बंदिस्त केला तरी नियमाचा प्रश्न येत नाही', हा तर्क म्हणूनच चुकीचा आहे. एकाच संज्ञेचे दोन अर्थ दोन कायद्यांत नांदत असतील, तर दोष केवळ वाचकाचा मानता येणार नाही.

चौथा शब्द 'भोगवटा'. महसुली व्यवहारात भोगवटादार म्हणजे जमीन प्रत्यक्ष धारण करणारा. घराची किल्ली मिळाली, वीज आली, मिळकतकर भरला, म्हणजे भोगवटा झालाच, असे सामान्य माणसास वाटते. १९४९ च्या अधिनियमाचे कलम २६३ मात्र पूर्णत्वाची सूचना व वापराची परवानगी यांविषयी आहे. भोगवटापत्र हे त्या परवानगीचे नाव, वहिवाटीचे नव्हे. कर भरणे हाही तिला पर्याय नाही : बेकायदा बांधकामावर कर व शास्ती आकारल्याने ते नियमित होत नाही, असे कलम २६७-क सांगते. उलट कलम २६५-क मध्ये प्रत्यक्ष राहण्यालाही महत्त्व आहे. पूर्णत्वाचा दाखला, वापराची परवानगी किंवा किमान निम्म्या क्षेत्राचा प्रत्यक्ष वापर, यांपैकी जे आधी घडले असेल त्यापासून ३० वर्षे होताच इमारतीची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. म्हणजे भोगवटापत्र नसले तरी हे दायित्व टळत नाही.

या विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले, तेव्हापासून परिभाषेची चर्चा प्रायः 'शब्द सोपा की अवघड' या प्रश्नाभोवती फिरत आली आहे. वरील चारही शब्द सोपेच आहेत. उणीव आहे ती व्याख्येची, आणि ती व्याख्या मिळकतदाराच्या हाती योग्य वेळी पडण्याची. मंजूर नकाशासोबत या संज्ञांचा एक पानी अर्थनिर्देश जोडला जावा, आणि त्याचा मसुदा आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी अभियंत्यांच्या साहाय्याने सिद्ध करावा, असे सुचवावेसे वाटते. चुकीच्या अर्थाची किंमत येथे गुणांत नव्हे, तर राहत्या घराच्या रूपाने मोजावी लागते.