फोर-व्हील ड्राइव्ह: खरी गरज किती?

सोसले हे मैसूर जिल्ह्यातलं, कावेरी-कबिनी संगमाजवळचं गाव. भोवती भात आणि उसाची बागायत. इथला पिकअप वर्षातले बहुतेक दिवस डांबरावरच धावतो आणि तिथे मागच्या दोन चाकांची ओढ पुरते. माल भरलेला असेल तर उलट फायदाच, कारण वजन ओढणाऱ्या चाकांवर येतं आणि पकड वाढते. रुतते ती बहुधा रिकामी गाडी, ओल्या बांधाजवळ.

चारही चाकांची ओढ खरी कामी येते ती पावसात उसाच्या फडातून माल काढताना, निसरड्या कच्च्या चढावर आणि वाळूत. जवळच्या तलकाडूला तर मंदिरंच वाळूखाली गाडली गेली होती! अशा वाळूत टायरमधली हवा थोडी कमी करणंही तितकंच महत्त्वाचं.

बहुतेक फोर-व्हील पिकअपमध्ये मधला डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नसतो. वळताना पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत. कोरड्या डांबरावर चारही जोडलेली ठेवली तर त्या फरकाचा ताण टायर आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटून देणारी पेटी) सोसतात. म्हणून चिखल संपला की टू-व्हीलवर यावं. ब्रेक लावताना या यंत्रणेचा भरवसा मुळीच धरू नये, ओल्या रस्त्यावर गाडी थांबवतात ते टायरच. वर्षातून चार-सहा दिवसच चिखल लागत असेल, तर जास्तीचे पैसे आधी चांगल्या टायरांवर आणि ओढायच्या पट्ट्यावर घालावेत. रोज फडात शिरणाऱ्याने मात्र फोर-व्हीलच घ्यावी.