स्नोमोबाईलचा कार्ब्युरेटर: थंडी, उंची आणि जेट

आपल्यापैकी बहुतेकांनी स्नोमोबाईल पाहिली असेल ती गुलमर्गला, तीही एका फेरीपुरती. अमेरिकेच्या उत्तरेकडे आणि कॅनडात मात्र हिवाळ्यात ती रोजच्या वापरातली गाडी आहे. नव्या गाड्यांत इंजेक्शन आलं, पण कार्ब्युरेटरवाल्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्या अजून धावतात, आणि त्यांच्या मालकांना हवामान बघून जेट बदलावे लागतात. ते का, हे आज समजून घेऊ.

पहिली गोष्ट, कार्ब्युरेटर हवेचं वजन करत नाही. इंजिन हवा ओढतं, अरुंद गळ्यात तिचा दाब उतरतो आणि त्या फरकामुळे पेट्रोल जेटमधून वर येतं. हवा दाट झाली की पेट्रोलही वाढतं, पण तेवढ्याच प्रमाणात नाही. ते घनतेच्या वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतं. शून्य अंशावरून उणे 30 वर आलो की हवा सुमारे 12 टक्के दाट होते आणि पेट्रोल मात्र साधारण 6 टक्केच वाढतं. म्हणजे मिश्रण लीन झालं.

आता लीन झालं तर बिघडतं काय? टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल नुसतं जळत नाही, वाफ होताना ते इंजिनला आतून थंडही करतं. ते कमी पडलं की पिस्टन तापतो, डोक्याला भोक पडतं किंवा इंजिन सीझ होतं. चेतक सीझ झाली तर आपण ढकलत गॅरेजला नेतो. उणे 30 मध्ये, वस्तीपासून 40 किलोमीटरवर, गुडघाभर बर्फात ढकलणार कशी? तिथे जिवावरच बेतू शकतं.

उंचीवर याच्या उलट होतं. मिनेसोटातलं इंटरनॅशनल फॉल्स आणि कोलोरॅडोतलं लेडव्हिल घ्या. पहिलं समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आत आणि कडाक्याच्या थंडीचं, दुसरं 3000 मीटरच्याही वर. तिथे उणे 30 आणि इथे उणे 5 धरलं, तर लेडव्हिलची हवा एक तृतीयांशाने विरळ भरते. मिनेसोटाचे जेट तसेच ठेवले तर गाडी रिच चालते, धूर ओकते, प्लग काळे करते. म्हणून लहान मेन जेट घालायचे. (गेलेली ताकद त्याने सगळी परत येत नाही. हवाच कमी, त्याला जेट काय करणार!) खरा धोका परतीच्या वाटेवर आहे. डोंगरातले लहान जेट काढायचे राहिले आणि गाडी घरी फुल थ्रॉटलवर पळवली, की संपलं. म्हणून जेट निवडायचा तो ज्या सर्वांत थंड दिवशी आणि सर्वांत खालच्या उंचीवर गाडी चालणार आहे, त्या हिशेबाने. थोडं रिच परवडतं.

मिकुनीच्या व्हीएम कार्ब्युरेटरमध्ये मेन जेटचा अंमल मुख्यतः पाऊण थ्रॉटलच्या पुढे. पाव ते पाऊण हा टप्पा सुईचा. सुईवरची क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर उचलली जाते आणि मिश्रण रिच होतं. त्याखाली स्लाइडचा काप, आणि अगदी आयडलला पायलट जेट व हवेचा स्क्रू.

तपासायचं प्लगवरून. नवा प्लग लावून, इंजिन गरम करून, मोकळ्या जागी काही अंतर फुल थ्रॉटल द्यायचा, आणि थ्रॉटल तसाच धरून किल स्विच दाबायचा. आयडलवर येऊ दिलंत तर प्लग आयडलची हकीकत सांगेल, मेन जेटची नाही. पोर्सेलिन फिकट तपकिरी असेल तर ठीक, पांढरं असेल तर ताबडतोब मोठा जेट, काळं असेल तर एक पायरी लहान.

स्क्रूबद्दल एक खुलासा. व्हीएममधला स्क्रू हवेचा, तो बाहेर फिरवला की मिश्रण लीन होतं. काही दुसऱ्या कार्ब्युरेटरांत इंजिनाच्या बाजूला पेट्रोलचा स्क्रू असतो, तो बाहेर काढला की रिच. हात लावण्यापूर्वी आपल्याकडचा कोणता, हे बघून घ्या.