घोंगडी, छत्री, कोल्हापुरी : जपाल तर टिकतील

मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमाराला लागतं आणि त्याच्या आधीचे आठ-दहा दिवस घरोघरी एकच गडबड असते. माळ्यावरून छत्र्या खाली येतात. एकीची काडी मोडलेली, दुसरीच्या कापडाला गंजाचे डाग. चपलांच्या खोक्यातली कोल्हापुरी काढावी तर तिच्यावर पांढरी बुरशी. आणि सासूबाईंनी जपून ठेवलेली घोंगडी उलगडावी, तर चाळणीसारखी भोकं! मग आपण कपाळावर हात मारतो, "आता कुठल्याच वस्तू पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत" असं म्हणतो आणि बाजारात जाऊन प्लास्टिकचं काहीतरी घेऊन येतो.

पण मैत्रिणींनो, जरा विचार करून बघा. ही छत्री पावसात मोडली होती का? घोंगडी काय अंगावर असताना फाटली? नाही. या वस्तू पावसातून धडधाकट घरी आल्या होत्या. त्यांचा घात झाला तो घरात, आणि बहुतेक वेळा एकाच कारणानं : त्या दमट असतानाच ठेवल्या गेल्या.

आमचं कोन कल्याण-भिवंडी रस्त्यावर, खाडीच्या काठी. पलीकडे कल्याणचा दुर्गाडी किल्ला. पावसाळ्यात इथे मीठ पाणी सोडतं, पापड मऊ पडतात, काड्यापेटी पेटत नाही. अशा हवेत कपाट म्हणजे दमट पेटीच. तुम्ही पनवेलला असा, वसईला असा की चिपळूणला, तुमचाही अनुभव हाच असणार. म्हणून आज बाहेर वापरायच्या चार जुन्या, हातानं बनलेल्या वस्तूंबद्दल लिहिते आहे. वस्तू कशी बनली हे एकदा कळलं की ती कशी जपायची हे फारसं विचारावं लागत नाही.

घोंगडी

घोंगडी आमच्याकडे विणली जात नाही. ती घाटावरून येते. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर या भागांतले धनगर दख्खनी मेंढ्या पाळतात. या मेंढीची लोकर जाड, केसाळ आणि बहुधा काळी. मेंढ्या कातरायच्या, लोकर पिंजायची, घरातल्या बायकांनी ती चरख्यावर कातायची आणि सणगर किंवा खुटेकर धनगरांनी खड्ड्याच्या मागावर विणायची, असा हा उद्योग. सुताला ताठपणा यावा म्हणून चिंचोक्याची खळ देतात. नवी घोंगडी इतकी खरखरीत लागते त्याचं एक कारण ही खळ.

लोकरीचा गुण असा की ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल शोषून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. शिवाय धाग्यात थोडं नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे पावसाचे थेंब काही वेळ वरच्यावर ओघळून जातात. म्हणून तर घोंगडीची खोळ करून माणसं भर पावसात गुरांमागे हिंडत. बाहेरून भिजली तरी आत ऊब राहते.

आता जपणुकीचं. नवी घोंगडी आणली की आधी साध्या थंड पाण्यात दोन-तीनदा बुचकळून खळ काढून टाका. खळ म्हणजे शेवटी पीठच, त्यावर उंदीर आणि झुरळं येणारच. त्यानंतर मात्र घोंगडी वरचेवर धुवायची नाही. वर्षातून एकदा, फार तर दोनदा पुरे. एरवी झटकून, ब्रशनं झाडून उन्हात टाकली की ती स्वच्छ होते.

धुवायची त्या दिवशी वीस-पंचवीस रिठे फोडून रात्रभर भिजत घाला. सकाळी ते पाणी गाळून थंड पाण्यात मिसळा. त्यात घोंगडी बुडवा आणि हातापायांनी हलके दाबा. चोळायची नाही, धोपटायची नाही, पिळायची तर नाहीच. लोकरीच्या धाग्याला बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की हे खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आकसून घट्ट होतं. आमच्याच गल्लीत एका नव्या सूनबाईंनी आजेसासऱ्यांची घोंगडी मोठ्या प्रेमानं मशीनमध्ये टाकली, गरम पाण्यावर! बाहेर आली तेव्हा तिचं जाडजूड पायपुसणं झालं होतं. आता ते देवघरासमोर बसायला घेतात. बिचारीचा हेतू चांगलाच होता, पण आकसलेली लोकर पुन्हा मोकळी होत नाही. धुण्याचा सोडाही लोकरीला मानवत नाही आणि पांढऱ्या कपड्यांचं ब्लीच तर लोकर चक्क विरघळवतं. तेव्हा त्या दोन्ही बाटल्या दूर ठेवा.

वाळवताना दोरीवर चिमटे लावून लोंबकळत ठेवू नका. ओली घोंगडी फार जड होते आणि स्वतःच्याच वजनानं ताणली जाते. जाड बांबूवर किंवा गच्चीच्या कठड्यावर चादर टाकून तिच्यावर पसरा. हे काम एप्रिल-मे महिन्यातच उरकावं. जुलैमध्ये धुतलेली घोंगडी गणपती आले तरी वाळणार नाही.

कसरीचं काय? लोकर खाते ती कसरीची अळी, उडणारं पाखरू नव्हे. आणि तिला घामाचे, अन्नाचे डाग असलेली जागा विशेष आवडते. म्हणून घोंगडी ठेवताना ती स्वच्छ आणि पूर्ण कोरडी हवी, हा पहिला नियम. कडुलिंबाचा पाला घालायची आपली रीत चांगली आहे, पण फक्त पाल्यावर विसंबू नका. महिन्या-दीड महिन्यानं घोंगडी काढा, झटका, घडी बदला. अळीला अंधार आणि शांतता लागते, ती मिळू द्यायची नाही.

डांबराच्या गोळ्या घालायच्या तर घट्ट झाकणाच्या पेटीतच उपयोग. आणि एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा : तान्ह्या बाळाच्या दुपट्यात, कुंचीत, पांघरुणात या गोळ्या कधीही ठेवू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचा घटक जन्मतः कमी असतो. अशा बाळांना या गोळ्यांच्या वासानंही रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते.

इरलं

इरलं आता शहरातल्या मुलांना ठाऊकच नाही. मी शाळेत शिकवते तिथे धड्याच्या ओघात हा शब्द आला, तेव्हा वर्गात मोजून तीन हात वर झाले आणि त्यातलं एक उत्तर "इरलं म्हणजे टोपली" असं होतं!

बांबूच्या बारीक कामट्यांची जाळी विणायची, दोन जाळ्यांच्या मध्ये पळसासारखी रुंद पानं दाटीनं बसवायची, की झालं इरलं. ते डोक्यावरून पाठीवर येतं. भाताची लावणी करणाऱ्या बाईला दिवसभर वाकून उभं राहायचं असतं आणि दोन्ही हात मोकळे हवे असतात. छत्री धरणार कोण? इरलं पाठीवर छपरासारखं राहतं आणि खालून वारा खेळतो. आता बायका प्लास्टिकचा कागद डोक्यावरून घेतात. तो स्वस्त आणि हलका, पण त्यात पाऊस बाहेर आणि घाम आत, अशी गत होते.

आमच्या तालुक्यात कित्येक खाचरांच्या जागी गोदामं उभी राहिली, तसतशी इरल्याची गरजही आटली. तरी एखाद्या घरी अजून असेल तर टाकू नका. पूर्वी ते चुलीच्या वर टांगत, धुरामुळे बांबूला कीड लागत नसे. आता चूल नाही, तर निदान जमिनीला टेकवून ठेवू नका. खिळ्याला उंच टांगा. पानं कुजली तर फक्त पानं बदलायची, जाळी पुढच्या वर्षीही चालते.

छत्री

मुंबईत छत्र्यांचा धंदा जुना आहे. इब्राहिम करीम यांच्या पेढीची सुरुवात १८६० सालची. लाकडी दांड्याची, काळ्या कापडाची लांब छत्री ही आपल्या आजोबांची खूण. ती वर्षानुवर्षं टिके, कारण तिचा प्रत्येक भाग दुरुस्त करता येत असे.

छत्री मरते ती गंजानं. बाहेरून आल्यावर आपण ती मिटतो आणि टोक खाली करून कोपऱ्यात उभी करतो. मग सगळं पाणी उतरतं ते जिथे साऱ्या काड्या एकत्र येतात त्याच जागी. तिथेच तार गंजते आणि तिथेच कापड कुजतं. म्हणून निथळताना छत्री मूठ खाली करून ठेवा आणि नंतर मूठ पुसून घ्या. पाणी निथळलं की अर्धी उघडून पंख्याखाली वाळवा. पावसाळा सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर काड्यांच्या सांध्यांना शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब द्या आणि जास्तीचं तेल चिंधीनं टिपून घ्या, नाही तर कापडाला डाग पडतील. काडीच्या टोकाला कापडाचा टाका सुटला असेल तर सुईदोऱ्यानं त्याच दिवशी घाला. एक टाका सुटला की वारा उरलेले सोडवतो.

कोल्हापुरी

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या बड्या कंपनीनं मिलानच्या प्रदर्शनात अगदी तशाच चपला दाखवल्या आणि आपल्याकडे गदारोळ झाला, तेव्हा कंपनीनं मान्य केलं की प्रेरणा कोल्हापुरीचीच. म्हणजे ज्या वस्तूसाठी परदेशात लाखाच्या गोष्टी बोलल्या जातात, ती आपल्या खोक्यात बुरशी खात पडलेली!

खरी कोल्हापुरी बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याची असते. खिळा नाही, चामड्याच्या वादीनं शिवलेली. असं चामडं पाणी पितं, फुगतं आणि उन्हात एकदम वाळलं की तडकतं. म्हणून मृग ते नवरात्र ही चप्पल घालायचीच नाही. अवचित भिजली तर कोरड्या फडक्यानं टिपा, आत वर्तमानपत्राचे बोळे घाला आणि सावलीत दोन दिवस ठेवा. ऊन किंवा गॅसची शेगडी दाखवू नका. वाळल्यावर एरंडेलाचं बोट हलकेच फिरवा. नवी चप्पल चावत असेल तरी हाच उपाय, रात्री तेल लावून सकाळी घालायची.

ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत कधीही नको. आत ओल कोंडते. जुन्या धोतराच्या कापडात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळा आणि पंधरा दिवसांनी एकदा हवा दाखवा. बुरशी दिसलीच तर घराबाहेर नेऊन ब्रशनं झाडा, म्हणजे तिची पूड घरात उडणार नाही.

आणखी थोडंसं

हे सगळं वाचून "एवढा वेळ कुणाला आहे?" असं तुमच्या मनात आलं असेल. माझीही सकाळ डबे आणि शाळा यांतच जाते. म्हणून मी तीनच दिवस ठरवून टाकले आहेत. मे महिन्यातला एक रविवार धुण्या-वाळवण्याचा. श्रावणातली एखादी उघडीप सगळं बाहेर काढून हवा देण्याची. आणि दसऱ्यानंतरचा एक दिवस छत्र्या पुसून ठेवण्याचा आणि चपला बाहेर काढण्याचा. घरातल्या सगळ्यांना हाताशी घेतलं तर दोन तासांत काम होतं. घोंगडी एकटीनं झटकायचीच नसते. दोन टोकं दोघांनी धरावी लागतात, तेव्हा मुलाला किंवा ह्यांना बोलवायला चांगलं निमित्त मिळतं.

वस्तू जपण्यात पैसे वाचतात हे खरंच, पण मला त्याहून दुसरी काळजी वाटते. दख्खनी मेंढीच्या लोकरीला आता भाव राहिला नाही. धनगर मांसासाठी चांगली, पण अंगावर लोकर कमी असलेली माडग्याळ मेंढी पाळू लागले आहेत. मागावर बसणारे हात थोडे उरले. घरातली घोंगडी कसरीनं खाल्ली तर पैसे टाकून तशीच दुसरी मिळेल याची खात्री दर वर्षी कमी होते आहे. म्हणून जी आहे ती सांभाळा. आणि कधी छत्रीवाला दारावरून ओरडत गेला, नाक्यावर चांभारदादा बसलेले दिसले, तर मोडकी वस्तू टाकण्याआधी त्यांना दाखवा. त्यांची कामं चालू राहिली तरच आपल्या वस्तू दुरुस्त होतील.

एवढं करून बघा. पुढच्या मृगाला माळ्यावरून गाठोडं खाली काढाल, तेव्हा कपाळावर हात मारायची वेळ येणार नाही.